आधी कोणते औषध, नंतर कोणते आणि थांबवताना काय : ठिसूळ हाडांवरील उपचारांविषयी

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आपल्या आई ६८ वर्षांच्या आहेत, वजन ४६ किलो आहे. दोन महिन्यांपूर्वी पाण्याने भरलेली कळशी उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली, एक्स-रेमध्ये पाठीचा बारावा मणका दबलेला दिसला आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती कमी, हे सांगणारा आकडा) उणे ३.२ आला. एका डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी लिहून दिली, दुसऱ्यांनी वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचे झोलेड्रॉनिक ॲसिड सुचवले, तर तिसऱ्यांनी दर सहा महिन्यांनी टोचायचे डेनोसुमॅब. त्यातच शेजारच्या एका बाईंनी ‘त्या औषधाने जबडा सडतो’ असे सांगितल्यामुळे आई आता कोणतेच औषध घ्यायला तयार नाहीत, आणि त्यांची एक किडलेली दाढही काढायची आहे. त्यांना पित्ताचा जुना त्रास आहे, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.० आहे. यांतले नेमके काय घ्यावे आणि किती वर्षे घ्यावे, असे आपण विचारले आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की तिन्ही औषधांचा उपयोग सिद्ध झालेला आहे आणि तिघांपैकी कोणत्याही डॉक्टरांनी चुकीचे सांगितलेले नाही. ‘कोणते औषध चांगले’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. आधी कोणते द्यायचे, त्यानंतर कोणते द्यायचे आणि एखादे थांबवताना त्याच्या जागी काय आणायचे, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. मणके दबलेल्या आणि खुबे मोडलेल्या रुग्णांवर मी गेली पंचवीस वर्षे उपचार करतो आहे. या औषधांनी अपाय झालेले जे मोजके रुग्ण मला आठवतात, त्यांतल्या बहुतेकांचे औषध योग्यच होते. ते चुकीच्या वेळी सुरू झाले होते, किंवा कोणालाही न विचारता मध्येच बंद पडले होते.

आपल्या पत्रात ‘हाडांची झीज’ हे शब्द तीन वेळा आले आहेत. आपल्याकडे या एकाच शब्दाने दोन अगदी वेगळे आजार ओळखले जातात आणि त्यातून बरेच नुकसान होते. गुडघ्याची झीज म्हणजे सांध्यातील कूर्चा घासली जाणे. ती दुखते, चालताना जाणवते, आणि तिच्यावर आज आपण ज्या औषधांविषयी बोलतो आहोत त्यांचा उपयोग नाही. आपल्या आईंना आहे तो हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. तो हाड मोडेपर्यंत दुखत नाही. गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळ्यांनी ‘हाडांचे औषध चालू आहे’ असे समाधान मानून वर्षानुवर्षे राहिलेले आणि शेवटी खुबा मोडून आलेले रुग्ण मी पाहतो, म्हणून हे आधी सांगितले.

जिवंत हाडात आयुष्यभर डागडुजी चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवून बारीक खड्डे खणतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी ते खड्डे नव्या हाडाने भरून काढतात. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटते, खणण्याचा वेग वाढतो आणि भरणाऱ्या पेशी मागे पडत जातात. उपलब्ध असलेली जवळजवळ सगळी औषधे दोन घराण्यांत बसतात : खणणे रोखणारी आणि भरणे वाढवणारी. ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही तिन्ही पहिल्या घराण्यातली आहेत. दुसऱ्या घराण्यातले टेरिपॅराटाइड आपल्याला कोणीच सुचवलेले दिसत नाही. आपल्या आईंच्या बाबतीत मला त्याचाच विचार सर्वप्रथम करावासा वाटतो. त्याकडे पुढे येतोच.

त्याआधी तपासण्या. मणका दबला आणि टी-स्कोअर कमी आला म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, असे गृहीत धरता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाचे कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, डी जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईएसआर मी पाहतो, आणि मणका मोडलेला असल्यास रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीही करतो, कारण मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग कधी कधी ‘कंबरदुखी आणि दबलेला मणका’ एवढ्याच रूपात समोर येतो. डी जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडे मऊ पडतात, त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. त्यातही डेक्साचा आकडा कमीच येतो, पण तिथे आधी हवे असते ते डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. अशा रुग्णाला घाईने झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब दिले, तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते, हातपाय आखडतात, क्वचित झटकेही येतात. शिबिरांमध्ये टाचेला यंत्र लावून जो ‘हाडांचा रिपोर्ट’ हाती दिला जातो, तो डेक्सा नव्हे. त्याच्या आधारावर यांतले कोणतेही औषध सुरू करू नये.

याच वेळी रुग्ण आधीपासून काय घेतो आहे, हेही विचारावे लागते. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड तीन महिन्यांहून अधिक काळ चालू असेल तर हाडांचे नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. फिट्ससाठी घेतलेले फेनिटॉइन, गरजेपेक्षा जास्त झालेले थायरॉक्सिन, स्तनांच्या कर्करोगानंतर दिले जाणारे लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल, प्रोस्टेटच्या कर्करोगातील हार्मोन रोखणारी इंजेक्शने यांमुळेही हाडे ठिसूळ होतात. सांधेदुखीवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांची मी आवर्जून चौकशी करतो, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. आईंना असे काही कधी दिले गेले होते का, हे एकदा शांतपणे विचारून पाहा.

कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व हे उपचारांचे जोते आहे. पण मणका मोडलेल्या रुग्णाला केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांवर ठेवणे म्हणजे जोते बांधून घर सोडून देणे होय. पन्नाशीनंतर दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि त्यातील शक्य तितके अन्नातून यावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दही, तीळ, पालेभाज्या आहेतच. उरलेली तूट गोळीने भरावी. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. आईंप्रमाणे पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांना कॅल्शियम सायट्रेट अधिक बरे, कारण ते शोषले जाण्यासाठी जठरातील आम्लावर अवलंबून राहत नाही. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, आणि नंतर महिन्यातून एकदा, अशी आपल्याकडची रूढ पद्धत आहे. ‘आठवड्याला एक’ हे चिठ्ठीवरचे शब्द न वाचता रोज एक पुडी दोन महिने घेतलेल्या एक आजी उलट्या, मलावरोध आणि भ्रमिष्टपणा घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. रक्तातील कॅल्शियम इतके वाढले होते की मूत्रपिंडे निकामी होता होता वाचली. सहा लाख युनिटचे एकच मोठे इंजेक्शन घेण्याची सवयही सोडावी. वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे दिलेल्या वयस्क स्त्रियांमध्ये पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण उलट वाढले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दिसले आहे.

आता ॲलेन्ड्रोनेटविषयी. हे बिस्फॉस्फोनेट गटातील औषध. या गटातील रसायने आधी कारखान्यांत, पाण्याच्या नळ्यांमध्ये क्षार साचू नयेत म्हणून वापरली जात असत. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा हाडांवरील परिणाम शोधला. हे औषध हाडाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसते, आणि खणणारी पेशी ते गिळते तेव्हा निष्प्रभ होते. अमेरिकेत १९९५ मध्ये ॲलेन्ड्रोनेटला ऑस्टिओपोरोसिससाठी मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीच मणका दबलेल्या स्त्रियांना सुमारे तीन वर्षे औषध दिल्यावर, आणखी मणका दबण्याचे प्रमाण शंभरात १५ वरून ८ वर आले आणि खुबा मोडण्याचे प्रमाण निम्मे झाले. इतके स्वस्त आणि इतके तपासून पाहिलेले औषध या आजारात दुसरे नाही.

पण ते पोटात घेणे फार काटेकोर काम आहे, आणि तिथेच घरोघरी चूक होते. एक निवृत्त शिक्षिका दीड वर्ष दर रविवारी न चुकता गोळी घेत होत्या, तरीही डेक्साचा आकडा घसरला होता. ‘कशी घेता?’ असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘सकाळच्या चहाबरोबर. रिकाम्या पोटी पित्त होतं ना, म्हणून बरोबर दोन बिस्किटं.’ रिकाम्या पोटी घेतली तरी या गोळीतील जेमतेम शेकडा एक भागच रक्तात जातो. चहा-बिस्किटांबरोबर तोही जात नाही. दीड वर्षाची ती औषधे जवळजवळ वाया गेली होती. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन, काहीही खाण्यापिण्यापूर्वी, ७० मिलिग्रॅमची गोळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळावी आणि त्यानंतर अर्धा तास आडवे न होता बसून किंवा हिंडत राहावे. या अर्ध्या तासात चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी नाही, दुसरे कोणतेही औषध नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो, म्हणून बसून राहण्याचा आग्रह आहे. गिळताना अडखळणारे, अन्ननलिकेचा आजार असलेले किंवा अर्धा तास बसूच न शकणारे रुग्ण यांना ही गोळी देऊ नये. आपल्या आईंचे पित्त जर जेवणानंतर घशाशी येणारे, छातीत जळजळ करणारे असेल, तर त्यांच्यासाठी ही गोळी माझी पहिली निवड नसेल.

झोलेड्रॉनिक ॲसिड हे त्याच गटातले, पण पोटाला वळसा घालून थेट शिरेतून दिले जाणारे. वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम, किमान पंधरा मिनिटांत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणका दबण्याचा धोका ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचा ४१ टक्क्यांनी घटला. खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना ९० दिवसांच्या आत हे औषध दिले तेव्हा पुढील काळातील मृत्यूंचे प्रमाणही २८ टक्क्यांनी कमी झाले, म्हणून खुब्याच्या प्रत्येक रुग्णाला घरी पाठवताना मी या औषधाचे बोलून ठेवतो. पहिल्या वेळी साधारण तिघांपैकी एकाला ताप, अंगदुखी, थंडी वाजणे असा दोन-तीन दिवसांचा त्रास होतो. तो आधीच सांगून ठेवला आणि पॅरासिटामॉल दिले तर कोणी घाबरत नाही. सांगितला नाही तर रुग्ण पुढच्या वर्षी येतच नाही. एक गोष्ट औषधाच्या दुकानातच पाहून घ्यावी. ४ मिलिग्रॅमची कुपी कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांसाठी, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यायची असते. ऑस्टिओपोरोसिसची मात्रा ५ मिलिग्रॅमची आहे.

मूत्रपिंडांबद्दल मात्र इथे थांबून बोलले पाहिजे. ‘क्रिएटिनिन १.०, म्हणजे नॉर्मल’ असे आपण लिहिले आहे. लहान चणीच्या, वयस्क स्त्रीच्या बाबतीत हा आकडा फसवा असतो. मूत्रपिंडांची खरी क्षमता काढायची तर १४० मधून वय वजा करायचे, वजनाने गुणायचे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणायचे. आईंचे वय ६८, वजन ४६. उत्तर येते सुमारे ३९. झोलेड्रॉनिक ॲसिड आणि ॲलेन्ड्रोनेट ३५ च्या खाली देत नाहीत. म्हणजे आई रेषेच्या वर आहेत, पण फार वर नाहीत. इंजेक्शनच्या आधी पुन्हा क्रिएटिनिन पाहणे, त्या दिवशी भरपूर पाणी पिणे, आणि आदल्या-पुढच्या दिवसांत डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळणे, एवढे पथ्य त्यांच्या बाबतीत पाळलेच पाहिजे.

जबड्याविषयीची भीती निराधार नाही, पण तिचे माप समजून घ्या. जबड्याचे हाड उघडे पडून न भरणे हा परिणाम २००३ मध्ये प्रथम वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. तो प्रामुख्याने कर्करोगाच्या रुग्णांत दिसतो, कारण त्यांना मिळणारी मात्रा कितीतरी पटींनी जास्त असते. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हे प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक एवढेच आहे. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा : एक मणका नव्याने दबल्यानंतर, उपचार न घेतल्यास, पाचांपैकी जवळपास एका स्त्रीचा आणखी एक मणका पुढच्या वर्षभरातच दबतो. आईंना हे दोन्ही आकडे समोर ठेवून सांगावे; ‘काही होत नाही हो’ एवढे म्हणून त्यांचे समाधान होणार नाही आणि होऊही नये. दाढ आधी काढावी, हिरडी पूर्ण भरू द्यावी, मग बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब सुरू करावे.

मांडीच्या हाडाचे वेगळ्या जातीचे फ्रॅक्चर ही याच गटाची दुसरी दुर्मीळ बाजू आहे. अनेक वर्षांच्या सलग वापरानंतर मांडीच्या हाडाच्या मधल्या भागात, बाहेरच्या कडेला आधी बारीक चीर पडते आणि मग किरकोळ ताणानेही हाड आडवे मोडते. पहिल्या दोन-तीन वर्षांत हा धोका नगण्य असतो, आठ-दहा वर्षांनंतर वर्षाला हजारात एकाच्या आसपास पोहोचू शकतो, आणि आशियाई स्त्रियांत तो थोडा जास्त आढळला आहे. हाड मोडण्याआधी काही आठवडे-महिने मांडीत किंवा जांघेत खोल ठणका लागतो. ‘वयामुळे दुखत असेल’ म्हणून तो सोडून देऊ नये. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढावा. याच कारणाने गोळी सुमारे पाच वर्षे किंवा सलाईनचे इंजेक्शन तीन वर्षे झाल्यावर आम्ही थांबून फेरविचार करतो. धोका कमी झालेला असेल तर औषधाला काही वर्षांची सुट्टी देता येते, कारण हाडात साठलेले औषध सावकाश बाहेर पडत असते आणि संरक्षण काही काळ टिकते.

ही सुट्टी डेनोसुमॅबला कधीही द्यायची नसते. हे संपूर्ण उत्तर वाचून एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. डेनोसुमॅब ही खणणाऱ्या पेशींना जन्मच घेऊ न देणारी अँटिबॉडी आहे. २०१० मध्ये ती ऑस्टिओपोरोसिससाठी मान्य झाली. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम, कातडीखाली. तीन वर्षांच्या चाचणीत मणका दबण्याचा धोका ६८ टक्क्यांनी आणि खुब्याचा ४० टक्क्यांनी घटला, आणि हाडांची घनता दहा वर्षांपर्यंत वाढत राहिल्याचे दिसले. मूत्रपिंडांतून ती बाहेर पडत नसल्यामुळे क्षमता कमी असलेल्यांनाही देता येते. मात्र डायलिसिसपर्यंत पोहोचलेल्यांमध्ये कॅल्शियम तीव्रतेने खाली जाण्याचा धोका असल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ती हाडात साठत नाही. सहा महिने उलटून एक-दोन महिने गेले की दाबून ठेवलेले खणणे एकदम उसळते आणि मिळवलेली घनता वर्षभरात जवळजवळ निघून जाते.

२०२० च्या टाळेबंदीत मी हे जवळून पाहिले. पाच डोस नियमाने घेतलेल्या एक ७२ वर्षांच्या बाई सहावा डोस घ्यायला येऊ शकल्या नाहीत. घरच्यांना वाटले, एवढी वर्षे घेतले आहे, थोडे थांबले तर काय बिघडते. दहाव्या महिन्यात, कुठेही न पडता, सहा आठवड्यांत त्यांचे तीन मणके दबले. त्या आत आल्या तेव्हा सूनबाई मागून त्यांच्या साडीचा घोळ सावरत होत्या, कारण नेसलेली साडी आता जमिनीवर लोळत होती. तेव्हापासून मी डेनोसुमॅबचा पहिला डोस देण्यापूर्वी घरातल्या दोन माणसांना समोर बसवतो, पुढच्या डोसची तारीख दोघांच्याही फोनमध्ये घालायला लावतो आणि सांगतो की कोणत्याही कारणाने सातव्या महिन्याच्या पुढे जायचे नाही; थांबवायचेच झाले तर त्या जागी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा ॲलेन्ड्रोनेट द्यायचे. गाव दूर असेल, पावसाळ्यात रस्ता बंद होत असेल, सोबतीला माणूस नसेल, तर हे औषध उत्तम असूनही मी ते टाळतो.

आता टेरिपॅराटाइड. पॅराथायरॉइड हार्मोनचाच हा एक तुकडा आहे. रोज थोडासा टोचला की भरणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि खरोखर नवे हाड तयार होते. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. रोज २० मायक्रोग्रॅम, पेनने, पोटावर किंवा मांडीवर, साधारणपणे जास्तीत जास्त दोन वर्षे. आधी मणका दबलेल्या स्त्रियांच्या चाचणीत नवा मणका दबण्याचे प्रमाण शंभरात १४ वरून ५ वर आले. बिस्फॉस्फोनेटशी थेट तुलनाही झालेली आहे : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मणके दबलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात दोन वर्षांत रायसेड्रोनेट घेणाऱ्या १२ टक्के स्त्रियांचा नवा मणका दबला, टेरिपॅराटाइड घेणाऱ्या ५.४ टक्के स्त्रियांचा. उंदीरवर्गीय प्राण्यांत हाडाचा कर्करोग दिसल्यामुळे त्यावर असलेला कडक इशारा, माणसांत तसे न आढळल्याने, २०२० मध्ये काढला गेला. तरीही हाडाचा कर्करोग, हाडांवर पूर्वी दिलेले रेडिएशन, किंवा रक्तात आधीच वाढलेले कॅल्शियम असेल तर ते देत नाहीत. मुतखड्याचा त्रास असेल तर जपून देतात.

इथे क्रम किती महत्त्वाचा ठरतो पाहा. आधी टेरिपॅराटाइड आणि मग खणणे रोखणारे औषध दिले, तर नवे बांधलेले हाड पक्के होत जाते. उलट, डेनोसुमॅब थांबवून टेरिपॅराटाइड सुरू केले तर सुरुवातीचे वर्षभर खुब्याची घनता घसरत राहते. टेरिपॅराटाइड संपल्यावर दुसरे काही न देता सोडून दिले, तर दोन वर्षांची कमाई हळूहळू विरघळून जाते. दोन वर्षे रोज सुई टोचून, एवढा खर्च करून पुढे काहीच न घेतलेले रुग्ण येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण पुढचे पाऊल आधीच्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते.

पेन वापरायचे तर फ्रिज लागतो, २ ते ८ अंशांचा. बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर औषध वाया जाते. उघडलेले पेन २८ दिवसांनी, आत औषध उरले असले तरी, टाकून द्यावे. पहिले काही दिवस टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून आईंना रात्री, पलंगावर बसवून टोचावे. भारतीय कंपन्यांची टेरिपॅराटाइड मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त मिळतात, तरी दोन वर्षांचा खर्च मोठा असतो. डॉक्टरांशी तो आकडा स्पष्ट बोलून घ्यावा, संकोच करू नये.

बाकीच्या औषधांविषयी थोडक्यात. रोमोसोझुमॅब हाड बांधते आणि खणणेही रोखते. २१० मिलिग्रॅम महिन्यातून एकदा, बारा महिने. त्याला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. रॅलोक्सिफेन मणक्यांना वाचवते, खुब्याला नाही, आणि पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढवते; तुलनेने तरुण, स्तनांच्या कर्करोगाची भीती असलेल्या स्त्रीसाठी ते योग्य ठरू शकते. पाळी नुकतीच गेलेल्या, वाफा येऊन हैराण झालेल्या स्त्रीला हार्मोन उपचारांचा दुहेरी फायदा होतो. ६८ व्या वर्षी नव्याने ते सुरू करणार नाही. कॅल्सिटोनिनचा नाकातला फवारा दीर्घकाळ वापरू नये. कर्करोगाचा धोका किंचित वाढल्याच्या नोंदीमुळे युरोपच्या औषध संस्थेने २०१२ मध्ये ऑस्टिओपोरोसिससाठी तो मागे घ्यायला सांगितला. कांडवेलीविषयी लोक नेहमी विचारतात. ठिसूळ हाडांचे मोडणे तिने कमी होते, असे दाखवणारी या औषधांच्या तोडीची चाचणी झालेली नाही, म्हणून तिच्या भरवशावर हे उपचार पुढे ढकलू नयेत.

आपल्या आई माझ्याकडे आल्या असत्या तर मी काय केले असते, ते आता सांगतो. प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टर यात बदल करू शकतात आणि त्यांचाच शब्द शेवटचा मानावा. वर सांगितलेल्या रक्ततपासण्या या आठवड्यात झाल्या असत्या. दाढ लगेच काढायला पाठवले असते. डी जीवनसत्त्व भरून काढायला सुरुवात केली असती. नुकताच दबलेला मणका आणि उणे ३.२ चा टी-स्कोअर म्हणजे अतिशय जास्त धोका, म्हणून कॅल्शियम व पॅराथायरॉइडचे अहवाल ठीक असतील तर टेरिपॅराटाइड सुरू केले असते; त्याने जबड्याचा तो त्रास होत नसल्यामुळे हिरडी भरण्याची वाट पाहत उपचार थांबवावे लागत नाहीत. अठरा ते चोवीस महिन्यांनी ते संपताच, मूत्रपिंडांची क्षमता पुन्हा मोजून, झोलेड्रॉनिक ॲसिड वर्षातून एकदा, तीन वर्षे. तेव्हा क्षमता ३५ च्या खाली गेली असेल तर डेनोसुमॅब, वर सांगितलेल्या सर्व अटींसह. रोजची सुई किंवा खर्च अजिबात शक्य नसेल तर दाढ काढून हिरडी भरल्यावर थेट झोलेड्रॉनिक ॲसिड, आणि त्याबद्दल मनात अपराधी भावना ठेवण्याचे कारण नाही; तेही चांगले औषध आहे.

औषध लागू पडते आहे की नाही, हे दुखण्यावरून ठरवू नका, कारण दबलेल्या मणक्याचे दुखणे काही आठवड्यांत औषध न घेताही कमी होते आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच उपचार सोडतात. डेक्सा दीड-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर करावा. दबलेल्या मणक्यामुळे किंवा वाढलेल्या कॅल्शियमच्या थरांमुळे कमरेचा आकडा खोटा चढलेला दिसू शकतो, म्हणून खुब्याचा आकडाही पाहावा. आणि घरच्या घरी करण्याजोगे एक मोजमाप आहे. उद्या सकाळी आईंना अनवाणी, टाचा आणि पाठ दाराच्या चौकटीला टेकवून उभे करा, डोक्यावर पाटीसारखे काही आडवे धरा आणि चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहा. दर तीन महिन्यांनी सकाळच्याच वेळी पुन्हा मोजा. रेघ दोन सेंटिमीटरने खाली आली तर, पाठ दुखत असो वा नसो, मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या.